चेंडू लागला होता

लिहून ठेवणार : जहिरा करीम बागवान, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त मुख्य लिपिक, राहणार सावेडी, कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात नगर.

कारण लिहून ठेवण्याचे असे की, माझे गुडघे गेले आहेत आणि डाव्या कानाने यंत्राशिवाय ऐकू येत नाही. बुद्धी मात्र जागेवर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी पाच मिनिटे वाद घालून पाहावा. हे लिखाण मी कोणाच्या दबावाखाली किंवा कोणाला खूश करण्यासाठी करीत नाही. लोकांना खूश करणे मला हयातीत जमले नाही, मरणोत्तर तरी कशाला जमेल? नोकरीत मी हजारो लोकांची मृत्युपत्रे हाताळली. जन्मभर जे तोंडावर बोलता आले नाही ते माणसे तिथे कलमांच्या आड लपवतात. मी आड लपणार नाही. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुसलमान बाईला एवढे मराठी कोणी लिहून दिले, असे ज्यांना वाटेल त्यांनी सिस्टर अगाथांना दुवा द्यावा. त्या वसईच्या होत्या आणि अशुद्ध लिहिणाऱ्या मुलीला जेवणाच्या सुट्टीत बाकावर उभे करीत.

कलम १. माझे दफन साधेपणाने करावे. कबरीवर फरशी घालू नये. जमलेल्यांपैकी कोणी "फार गोड स्वभावाच्या होत्या" असे म्हणू लागले तर त्याला तिथेच थांबवावे. मी लग्न केले नाही. त्याचे कारण विचारणाऱ्यांना मी जिवंतपणी उत्तर दिले नाही, आता देण्याची गरज नाही.

कलम २. माझा भाऊ फराज वारला. त्याचा मुलगा तौसीफ, जो इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो, हा माझा एकमेव वारस आहे. आमच्या हनफी कायद्याप्रमाणे दफनाचा खर्च व देणी वजा जाता जे उरते, त्यातले एक-तृतीयांशच मला मृत्युपत्राने वारसाबाहेरच्या माणसाला देता येते. त्याहून जास्त द्यायचे तर वारसाची संमती लागते, आणि ती माझ्या मृत्यूनंतर द्यावी लागते. माझ्या हयातीत दिलेली संमती धरली जात नाही. वाचणाऱ्याने हे कलम नीट लक्षात ठेवावे. पुढचे सगळे याच्यावर उभे आहे.

कलम ३. कडूबाई, मूळची पारनेर तालुक्यातली, माझ्याकडे घरकामाला आली आणि पुढे घराची मालकीण झाली. तिला माझी शिलाई मशीन, लोखंडी कपाट आणि स्वयंपाकघरातली तिला हवी ती भांडी द्यावीत. कपाटाची चावी तिच्याकडेच असते. हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "बाई, कपाट काय करू? माझ्या घरात कपाट ठिवलं तर मला भाईर झोपावं लागंल."

मी म्हटले, "मग विकून टाक."

"तुमचं कपाट इकू? अन् लोकं काय म्हनतील? तुमी आधी मरू तर नका, मग बगू."

भांड्यांना तिने नकार दिलेला नाही.

कलम ४. मी राहते तो बंगला, बँकेतल्या ठेवी, स्कूटर आणि घरातले उरलेले सामान हे सगळे तौसीफचे आहे. ते त्याला कायद्यानेच मिळते, माझ्या मेहेरबानीने नाही. स्कूटरचा ब्रेक सैल आहे.

कलम ५. आता बंगल्याशेजारच्या मोकळ्या जागेविषयी. फराजची आणि माझी वाटणी झाली तेव्हा झेंडीगेटचे घर त्याने घेतले आणि ही जागा मी मागितली. "जहिरा, दगडधोंडे घेऊन काय करणार आहेस?" असे म्हणून तो हसला होता. तेव्हा सावेडीत संध्याकाळनंतर रिक्षावाला येत नसे. आज तीच जागा माझ्या बाकीच्या सगळ्या मिळकतीपेक्षा महाग झाली आहे. बिल्डर लोक तिला प्लॉट म्हणतात. ती प्लॉट नाही, खेळपट्टी आहे. ती कोणाची, हे सांगितल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही.

माझे पणजोबा शमशेर बागवान हे फळवाल्याचे चिरंजीव. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते तरुण होते. भिंगार कॅम्पातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसला आमच्या घरून मोसंबी जात. ती पोहोचवता पोहोचवता त्यांनी क्रिकेट पाहिले आणि मग ते त्यांच्या अंगातून गेले नाही. वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी सनद घेतली. पहिल्या मोठ्या दाव्याची फी आली तेव्हा घरच्यांना वाटले की आता घरावर पक्के छत येईल. त्यांनी गावाबाहेर सावेडीच्या माळावर ही जागा घेतली, मुरूम टाकला, रोलर फिरवला, वर काथ्याची चटई अंथरली. कोर्टाला सुट्टी असली की चुडीदार पायजमा आणि तुर्की टोपी घालून ते इथे खेळत. त्यांनी खेळाचा एक पैसा कधी घेतला नाही, टांग्याचे भाडेसुद्धा नाही. इंग्रजांत असे खेळणारे म्हणजे मोठ्या घरचे लोक असत. आमच्याकडे बागवानाचा मुलगा होता. साहेबांना याची गंमत वाटे. शमशेर वकिलांना वाटत नसे.

१८९३ साली शहराचा संघ कॅम्पाच्या संघाशी खेळला. शहराच्या संघात वकील होते, कारकून होते, एक पारशी दुकानदार होता. शेवटची जोडी मैदानात होती आणि जिंकायला अगदी थोड्या धावा हव्या होत्या. शमशेर वकील खेळत होते. चेंडू त्यांच्या बॅटीच्या कडेला लागून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. लागला तो इतका हलका की कॅम्पाच्या लोकांनी अर्धवटच ओरडा केला. पंच गोरा सार्जंट होता. त्याने मान हलवली : नाबाद. दुसऱ्या टोकाच्या फलंदाजालाही काही ऐकू आले नाही. शमशेर वकिलांनी बॅट काखेत मारली आणि ते चालू लागले. शहर हरले.

गोऱ्या पंचाने नाबाद दिलेला माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर जातो, यावर नगरच्या बाजारात कोणाचा विश्वास बसेना. कलेक्टरला खूश करण्यासाठी वकिलाने सामना विकला, असे ठरले. कोणी ठरवले? बाजाराने. पुढच्या वर्षी कलेक्टरसाहेबांनी त्यांना सरकारी वकिलीबद्दल विचारले. त्यांनी नकार दिला. तेव्हा बाजार म्हणाला, भाव जमला नसणार.

शहरातून वकीलपत्रे यायची थांबली. घर चालवले ते नेवाशाकडच्या शेतकऱ्यांनी. त्यांना क्रिकेट म्हणजे काय हे माहीत नव्हते, हे आमचे नशीब. माझ्या आजोबांना एक बोलणे आठवत असे. एका शेतकऱ्याचे कागद वाचून शमशेर वकील म्हणाले, "तुमची बाजू पडती आहे. तडजोड करा."

तो म्हणाला, "वकीलसायेब, तुमी आमचे का म्होरल्याचे?"

"तुमचाच. म्हणून तर आत्ता सांगतोय. त्याचा असतो तर तुम्हाला कोर्टात जाऊ दिलं असतं."

तो शेतकरी पुढे आपले सगळे भाऊबंद घेऊन आला.

सामन्याबद्दल शमशेर वकिलांनी कोणापुढे खुलासा केला नाही. पणजीने एकदाच विचारले. आमच्या घरी दखनी बोलतात, त्या बोलीत त्यांनी दिलेले उत्तर घरात तसेच चालत आले आहे : "गेंद लग्या था. मैं सुन्या." चेंडू लागला होता. मी ऐकला. याखेरीज आमच्याकडे दुसरा पुरावा नाही आणि कधी नव्हता.

कलम ६. आमच्या शहरातल्या एका जुन्या क्रिकेट मंडळाच्या दिवाणखान्यात इतिहासाचा फलक लावला आहे. त्यावर १८९३ च्या पुढे "शमशेर बागवान यांच्या संशयास्पद बाद होण्यामुळे पराभव" असे रंगवले आहे. मी चिटणीस अमृतराव यांना तीन वेळा भेटले. त्यांचे पणजोबा त्या दिवशी दुसऱ्या टोकाला उभे होते, हे मला ठाऊक होते. काही ऐकले नाही असे सांगताना ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. त्यांना ऐकू आले नाही, एवढेच.

अमृतराव म्हणाले, "मॅडम, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात?"

"जुनी आहे तर फलकावर कशाला ठेवलीत?"

"अहो, ते सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"सगळ्यांना म्हणजे... सगळ्यांना." मग त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

सबब माझे श्रवणयंत्र, त्याच्या डबीसह, अमृतरावांना द्यावे. यंत्र उत्तम आहे. फलक उतरवण्याची अट मी घालत नाही. यंत्र कानाला लावून त्यांनी त्या फलकासमोर थोडा वेळ उभे राहावे, एवढी विनंती.

कलम ७. तौसीफची मुलगी फरहीन आज सतरा वर्षांची आहे. चालायला लागली तेव्हापासून ती या खेळपट्टीवर आहे. माझ्या चार खिडक्यांच्या काचा तिने फोडल्या, पैकी दोन मी नव्या बसवल्या आणि दोन ठिकाणी पुठ्ठा लावून ठेवला, कारण त्या पुन्हा फुटणारच होत्या. ती मला "फुफी", म्हणजे आत्या, म्हणते. खरे तर तिच्या बापाची मी फुफी, पण घरात सगळेच तसे म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मुलींच्या जिल्हा संघाच्या निवडीचा सामना होता. मी खुर्ची घेऊन गेले होते. फरहीन चांगली खेळत होती. एक चेंडू यष्टिरक्षक मुलीने धरला, पंचांनी नकार दिला, आणि फरहीन हातमोजे काढत बाहेर आली. मला काही ऐकू आले नव्हते. कोणालाच आले नव्हते. तिची निवड झाली नाही.

गाडीत तौसीफ भडकला होता. "अंपायरने नाबाद दिलं होतं ना? मग तू कोण? अपील त्यांनी करायचं, निकाल त्यांनी द्यायचा. तुझं काम उभं राहायचं."

ती मागच्या सीटवरून म्हणाली, "अब्बा, लागला होता."

"कोणी पाहिलं?"

"मी."

मी खिडकीबाहेर पाहत होते. मला रडू येत होते आणि ते मला तौसीफला दाखवायचे नव्हते.

बंगल्याशेजारची ही खेळपट्टी, तिच्यावरचा रोलर, काथ्याची चटई आणि कुंपण यांसह, मी फरहीन तौसीफ बागवान हिला देते. पूर्ण देते. ती एक-तृतीयांशात बसत नाही, हे मला माहीत आहे. कडूबाईच्या आणि अमृतरावांच्या वस्तूही त्याच हिश्शात मोजल्या जातात, हेही माहीत आहे. वारसाने संमती नाकारली तर फरहीनला या जागेचा एक तुकडा मिळेल. खेळपट्टी बावीस यार्डांची असते. तिचा तुकडा म्हणजे अंगण.

कलम ८. शमशेर वकिलांची बॅट माझ्या पलंगामागच्या भिंतीला टांगलेली आहे. दर वर्षी तिला जवसाचे तेल लावावे लागते. दांड्याचा दोरा दोनदा बदलला आहे, लाकूड मूळचे आहे. कडेवर खुणा पुष्कळ आहेत. त्यांतली १८९३ ची कोणती, ते सांगता येत नाही. पुरावा म्हणून ही बॅट कोणत्याही कोर्टात टिकणार नाही.

ती फरहीनला मिळेल असे सगळ्यांना वाटत होते. तिलाही वाटत होते. बॅट मी तौसीफला देते. फरहीनला तिची गरज नाही.

कलम ९. हे कलम तौसीफसाठी आहे.

बेटा, तू विचारशील की फुफीने हयातीतच हिबा का केला नाही. दान करून ताबा दिला असता तर एक-तृतीयांशाचा प्रश्नच आला नसता, तुझ्या संमतीचाही नाही. तुझ्याआधी मी या गोष्टीचा विचार केला आहे. फरहीन कायद्याने अजून अज्ञान आहे, अठरा पुरी नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण मोठे आहे. माझ्या टेबलावर अशी दानपत्रे पुष्कळ आली. वारसाला न विचारता काढून घेतलेली जमीन ज्याला मिळते त्याला ती लाभत नाही. पुढे बाप आणि मुलगी एकाच सणाला दोन वेगवेगळ्या घरांत जेवतात. तुझ्या मुलीला मला जमीन द्यायची आहे, तिच्याकडून बाप काढून घ्यायचा नाही. हिबा केला असता तर तुला कोणी विचारलेच नसते. मला तुला विचारायचे आहे.

निवडीच्या सामन्यानंतर त्याच आठवड्यात तू एकटा माझ्याकडे आलास. कडूबाई बाजारात गेली होती. तू रोलरवर बसलास आणि काळा कोट मांडीवर ठेवलास. मग म्हणालास, "फुफी, ही जागा फरहीनची. तुमच्यामागे मी हिला हात लावणार नाही." मी आत गेले. चहा केला. तू दोन कप प्यालास.

उन्हाळ्यात तू बिल्डरचा नकाशा घेऊन आलास. त्यात सात मजले होते आणि खेळपट्टीच्या जागी पार्किंग होते. तू म्हणालास, "सावेडीत आता गवत कोणी राखतं का, फुफी? फरहीनला यातच एक फ्लॅट देऊ. अकॅडमीत घालू. तिच्या शिक्षणाचं, लग्नाचं सगळं यातून निघेल."

मी विचारले, "आणि तू रोलरवर बसून बोललास ते?"

तू खाली पाहिलेस. मग वकिलासारखा म्हणालास, "वारसाची हयातीतली संमती कायद्यात धरत नाहीत. तुम्हीच शिकवलंत मला."

खरे आहे. मीच शिकवले. तू कॉलेजात असताना माझ्या स्वयंपाकघरात बसून मुसलमान कायद्याच्या परीक्षेची तयारी करायचास, आणि मी पोळ्या लाटता लाटता तुला प्रश्न विचारायची. हे उत्तर तुझे कधी चुकले नाही. त्या दिवशीही चुकले नाही.

म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते की, तू जे बोललास ते मी पुरावा म्हणून नोंदवत नाही. त्याला साक्षीदार नाही. कोणी दावा लावला तर तू जिंकशील, आणि जिंकावेस असाच कायदा आहे. फरहीनला मी ते सांगितलेले नाही. हा कागद तिला तुझ्याआधी दाखवू नये, असे मी साक्षीदारांना बजावून ठेवले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी तुझीच नेमणूक करते. हे तू प्रथम एकट्याने वाचावेस. तू नाही म्हणालास तर हे एवढे कलम फाडून टाकण्याची तुला माझी परवानगी आहे. मुलीने बापाबद्दल हे वाचू नये.

बिल्डरच्या नकाशाबद्दल मला तुझा राग आला होता. तो हयातीत पुरेसा काढून झाला आहे. तू वाईट माणूस नाहीस. वाईट असतास तर त्या दिवशी रोलरवर येऊन बसला नसतास. तुला कोणी बोलावले नव्हते, अपीलही कोणी केले नव्हते. गाडीत जे बोललास ते तुलाच पटले नव्हते, म्हणून आलास.

आता मी नाही. कायदा तुला नाबाद देईल. बाजारही देईल. सात मजल्यांना नाही म्हणणाऱ्याला बाजार वेडा ठरवतो, हे आपल्या घराला नवे नाही. जागा सोडलीस तर अमृतरावांसारखे लोक म्हणतील की यात काहीतरी असणार. तू उभा राहिलास तर तुला बाहेर काढणारे कोणी नाही.

बॅट भिंतीवरून उतरव. तेल लावायचे झाले असेल. मग खेळपट्टीवर जा आणि ठरव.

हे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. याआधी केलेले मृत्युपत्र नाही. यानंतर करण्याइतका वेळ मिळाला तरी मजकूर हाच राहील.

सही
जहिरा करीम बागवान

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना आणि खुशीने सही केली :

१. डॉ. संस्कृती भळगट, सावेडी. (बाईंना तपासले आहे. वाद घालूनही पाहिला आहे.)

२. गहिनीनाथ दरेकर, निवृत्त क्रिकेट पंच, सावेडी.

ठिकाण : सावेडी, अहिल्यानगर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

खालची जागा मी हयात असेपर्यंत कोरी ठेवावी.

कलम ७ मध्ये दिलेल्या मिळकतीस वारस म्हणून माझी संमती आहे.

सही : ....................................
तौसीफ फराज बागवान